थोरल्या जावेची औषधाची बाटली

आमच्या घरात सुनेचा रंग उजळला, की तिला काही होतंय असं कुणाला वाटत नसे. माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायचे, तिसऱ्यांदा गरोदर राहिली आणि इतकी पांढरी पडली, की सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवू लागल्या, "बगा, सून कशी उजळलीया!" ती उजळलेली सून घागर घेऊन दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची, आणि कुणी बघत नसलं की त्याच भिंतीचा चुना नखानं खरवडून खायची.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. माझं माहेर सोलापूरचं, इंग्रजी मुलखातलं. लिहितावाचता यायचं, म्हणून याद्या करायची खोड. अक्काचीही केली: धाप, चक्कर, पायांना सूज, चुना. मामंजींना वाचून दाखवली, तर म्हणाले, "कागद लई नासतीस." चार दिवसांनी अक्का चुलीपुढंच कलंडली. तव्यावरची भाकरी करपली आणि मामंजी उपाशी राहिले, तेव्हा कुठं गाडी जुंपली.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली औषधालाही नव्हती. "इनकू खून बहुत कमी है," ते म्हणाले. मी विचारत गेले, ते मोडक्या मराठीत सांगत गेले. रक्त कमी होतं ते खाण्यात लोह नसलं की, लागोपाठच्या बाळंतपणांनी, किंवा अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्यातून शिरून आतड्यात रक्त पिणाऱ्या जंतांनी.

"हिला यातलं काय झालंय?"

"तीनो."

मग जंतांची पुडी, लोहाच्या औषधाची बाटली, पालेभाजी, खजूर, पायांत चपला. औषधानं दात काळे पडतील, घाबरू नका. पण रक्त भरलं नाही तर बाळंतपणात ही वाचायची नाही, असं त्यांनी मामंजींना बजावलं.

आमच्याकडं घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी मामंजींपुढं ठेवायची रीत. बाटली ठेवली. त्यांनी चमचाभर पोटात घेतलं. "दारू-बिरू न्हाय यात. पर रोज बगाया पायजे." ते रोज बघू लागले. खजूर पुरुषांच्या पंगतीत संपला. पालेभाजी दिरांना, कारण ते दुकानात बसून दमत. मग मुलांना, मग सासूबाईंना. अक्काच्या वाट्याला भाजीचं पाणी. चपला तेवढ्या तिला मिळाल्या, पण सासऱ्यासमोर त्या घालायच्या कशा, म्हणून खुंटीवर.

महिन्यानं परत गेलो. डॉक्टरांनी पापणी ओढली, मग अक्काला आ करायला लावला. दात पांढरेशुभ्र. ते बुचकळ्यात पडले. मामंजी पुढं सरसावले, "औशदाचा कायबी गुन न्हाय, डाक्टरसाब."

बोलायला त्यांनी तोंड उघडलं, ते तव्याच्या बुडासारखं काळं.

"वाह, साहुकार!" डॉक्टर म्हणाले, "बच्चा आपकूच होनेवाला है क्या?"

बाहेरच्या बाकापर्यंत हशा गेला. त्या दिवसापासून मामंजी ओठ मिटून राहू लागले, घरात आणि बाजारातही. एवढी शांतता त्या घराला पुन्हा मिळाली नसती, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांच्या आधी अक्काचं ताट वाढलं आणि शेजारी डॉक्टरांनी दिलेली नवी बाटली ठेवली.

सासूबाई कडाडल्या, "अगं, बाप्येमानसं उपाशी आन् ही आदी जेवनार व्हय?" त्यांनी मामंजींकडं पाहिलं. मामंजींना हुकूम द्यायचा तर तोंड उघडावं लागलं असतं. ते भिंतीकडं वळून बसले.

अक्काचा घास हातातच थांबला. "मामंजी जेवले न्हाईत अजून."

"महिनाभर तुमच्या वाटचंच जेवलेत," मी म्हटलं. "खावा आता."

ती रडतरडत जेवली. पुढं बाळंतपण जडच गेलं. दिवस मावळायला सुईण बाहेर आली आणि दोघी सुखरूप आहेत म्हणाली. पुरुषांची पंगत बसायची होती. सासूबाई चुलीपुढं गेल्या आणि कुणाला न विचारता त्यांनी पहिली भाकरी अक्कासाठी टाकली.