'बाहेरचं' सुद्धा जोडा

नांदेडच्या ग्रंथालयात संशोधन करणारी ती बाई मला 'पत्रकवाले भाऊ' म्हणते, कारण मी चळवळीची पत्रकं वाटत फिरतो. माहितीशास्त्रात कुणी साठवणुकीवर काम करतं, कुणी वर्गीकरणावर, कुणी माहितीच्या हक्कावर. हिचा विषय, माणसं माहिती शोधतात कशी. म्हणून चहावाल्यालासुद्धा मान तिरकी करून विचारते, "तुमच्याकडं याला काय म्हणतेत?"

सरकार माहिती लपवतं, असं मी तावातावानं सांगायचो. ती म्हणायची, "कधी लपवतेत, कधी भलत्याच नावानं ठेवतेत. गरिबाला दोन्ही सारखंच."

एकदा शिरूर अनंतपाळची माझी काकू मला शोधत ग्रंथालयात आली. तिच्या पोरीला झटके येत होते आणि घरचे शाळा सोडवायला निघाले होते. ग्रंथालयाच्या संगणकावर आरोग्याची माहिती आहे, पण मी 'फेफरं' टाकलं तर काहीच सापडेना.

ती बाई उठून आली. "काकू, तुमच्याकडं काय म्हणतेत?"

"फेफरं. कुणी मिरगी म्हणतेत. सासूबाई म्हणतेत, बाहेरचं हाय."

तिनं 'अपस्मार' टाकलं. उपचार, गोळ्या, सरकारी दवाखान्यातल्या तपासणीचा वार, सगळं पडद्यावर आलं. ते काकूला वाचून दाखवलं आणि लगेच त्या नोंदीला काकूचे तिन्ही शब्द जोडले, म्हणजे पुढं कुणी ते टाकले तरी हीच माहिती निघावी.

मी भडकलो. "बाहेरचं? अंधश्रद्धा कशाला घालून राहिलात?"

"तोच शब्द घेऊन येणारी बाई दवाखान्यात पोचू नये का, भाऊ?"

मी एका पत्रकाच्या पाठीवर काकूसाठी दवाखान्याचा वार लिहून दिला.

पोरगी आता गोळ्या घेते, शाळेत जाते. काकू काही विचारायचं असलं की मला सोडून तिलाच फोन लावते, आणि मला, चक्क मला, त्याचा राग येत नाही.