सुकटीच्या कागदातल्या गोळ्या

फोन दगूकाकांचा होता. आमच्या आठवडी बाजारात ते सुकट विकतात. मी नाशिकला, कॉलेजच्या वसतिगृहात. "तुझ्या बापाला सांग पोरी, या बाजाराला सिस्टर यायची नाय," ते म्हणाले. "छातीत दुखलं म्हनं. दवाखान्यात पोचलीच नाय." शोभा सिस्टर गेल्या त्याला आता पाच आठवडे झाले. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच. पण राग निवत नाही, म्हणून लिहिते आहे.

सिस्टर आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मानसिक आजारांच्या पेशंटसाठी कंत्राटी नर्स होत्या. माझे वडील त्यांचे पेशंट. वडिलांना आवाज ऐकू यायचे, ते उठून रानात निघून जायचे. भगत झाला, नवस झाला, शेवटी सिस्टर भेटल्या. दवाखान्यात त्यांच्या खोलीवर 'मानसिक आजार' अशी मोठी पाटी होती, म्हणून त्या दाराशी कुणी उभं राहत नसे. मग बाजाराच्या दिवशी त्या दगूकाकांशेजारी एका लाकडी खोक्यावर बसायला लागल्या. माणसं सुकट घ्यायची, सिस्टरशी दोन शब्द बोलायची आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्याच कागदात बांधून न्यायची. कुणाला कळत नसे. "सिस्टर, गोळ्यांना लय वास येतो," वडील एकदा म्हणाले. "मग भाकरीबरोबर खा, कालवण वाचंल," सिस्टर म्हणाल्या. वडील हसले. किती वर्षांनी हसले होते ते...

त्यांचं एकच मागणं होतं. दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. लोक दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला, आमच्या भाषेत जगायला, जातात. गोळ्या मात्र एका महिन्याच्याच मिळतात, पुढच्या घ्यायला परत इथेच यावं लागतं. कोणता मुकादम सोडेल? एका हंगामात वडिलांच्या गोळ्या संपल्या आणि ते बागेतून निघून गेले. चार दिवसांनी सिस्टरनीच त्यांना शोधून आणलं. तेव्हापासून त्या अर्ज करत होत्या. उत्तर कधी आलं नाही.

गेल्या वर्षी नाशिकला आरोग्य खात्याच्या एका कार्यशाळेत त्यांना अनुभव सांगायला बोलावलं. स्लाइड मी बनवल्या. सुकटीची गोष्ट मी काढून टाकली. "सिस्टर, तिथे मोठे लोक असतील, हे बरं दिसणार नाही," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कॉलेजात शिकतेस, तुला जास्त कळतं." तो टोमणा होता का, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी 'उपचारातील सातत्य' वगैरे शब्द घातले आणि त्यांचं मागणं शेवटच्या स्लाइडवर ठेवलं. आधीच्या दोघा वक्त्यांनी वेळ खाल्ला होता. सिस्टर माझे अवघड शब्द अडखळत वाचत राहिल्या, आणि शेवटच्या स्लाइडआधी घंटा वाजली. "मॅडम, वेळ संपला." "एकच राहिलीय, साहेब." "चहाच्या वेळी बोलू ना." टाळ्या, गुलाबाचं फूल, फोटो. चहाच्या वेळी साहेबांची गाडी निघून गेली होती.

परवा त्याच लोकांनी शोकसभा घेतली. 'समर्पित जीवन' म्हणाले, दोन मिनिटं उभे राहिले. या वेळी घंटा कुणी वाजवली नाही. मला उठून बोलायचं होतं. नाही उठले. सिस्टरना समर्पण दाखवायचं नव्हतं, गोळ्या हव्या होत्या. म्हणून ती शेवटची स्लाइड इथे लिहिते. 'जगायला जाणाऱ्या पेशंटला निघण्याआधीच हंगामभराच्या गोळ्या द्या.' एवढंच. वाचायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

वडील याही वर्षी बागेत गेलेत. दवाखान्यातून महिन्याच्याच गोळ्या घेऊन. त्या पुढच्या आठवड्यात संपतील.

मागच्या बाजाराला मी गावी गेले होते. खोकं तिथेच आहे, रिकामं. लांबच्या पाड्यावरची एक बाई आली, खोक्याकडे बघत थोडी थांबली, मग पावशेर सुकट मागितली. दगूकाकांनी सुकट बांधायला घेतली. सवयीने त्यांनी कागद मोठा घेतला होता.