मालकाच्या ओट्यापुढं बानं वाचलेला कागद

बा वाचत होता आणि सगळा ओटा हसून राहिला होता.

मालकाच्या खळ्यात हळद शिजवायचं काम चालू होतं. माय, बा, आमी भावंडं शिजलेली हळद उन्हात पसरत होतो. हातापायाला हळद, पापणीला बी हळद. तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "अरे, त्या पंडिताला बोलवा!" हिंगोलीहून आलेले पाव्हणे पान खात बसले होते. मालकानं चहाच्या पुडीचा कागद वरून खाली टाकला. हातात देत नसत. आमी गावकुसाबाहेरचे, विटाळ व्हायचा.

"वाच. घरी सांजच्याला वाचतोस म्हणं लेकरांपुढं."

बानं कागद उचलला. मांडीवर घासून सपाट केला, कपाळाला लावला. बोटाला थुंकी लावली आणि ते डावीकडून उजवीकडं सरकवत सुरू झाला. राजाची गोष्ट. वनवासाची. आवाज असा खणखणीत, की खळ्यातली माणसं थांबली.

कागद उर्दू होता.

निजामाचं राज. वाण्याच्या पुड्या असल्याच कागदाच्या. एक पाव्हणा हसता हसता खोकायला लागला. "आरं गाढवा, ही उजवीकडून वाचत्यात! तू निघाला औंढ्याला आन् बोट चाललं वसमतला!"

मालक म्हणाले, "थांबू नको. राजा कुठवर आला?"

आणि बा थांबला न्हाई. तेच तर डसलं मला. घाम गळून राहिला होता, हळदीचे पिवळे ओघळ मानेवरून खाली चाललेले, तरी बोट सरकत होतं. मी मायच्या लुगड्यात तोंड घातलं. लाज कुणाची वाटली, त्यांची का बाची, ते तवा कळलं न्हाई. नुसतं वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

आता हे वाचन काय होतं, ते सांगते बाई, न्हाईतर तुमी बी हसाल.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगी. आमची माणसं लांब, वाटेच्या पलीकडं बसून ऐकायची. बाचं डोकं म्हंजी दगडावरची रेघ; एकदा ऐकलं की मिटायचं न्हाई. मग वरीसभर घरी, दिवेलागणीला, माय भाकरी थापायची आणि बा आमाला भवती घेऊन बसायचा. पुढ्यात पुडीचा कागद. बा वाचायचा, माय चुलीपसून अर्थ सांगायची.

"म्हंजी बघा, राणीला बी सासुरवास चुकला न्हाई."

"आगं, पोथीत सासू कुठंय?"

"नसंल. पण असंलच की."

आमी हसायचो. मग एकेकानं कागदावर बोट ठेवून आठवंल ते म्हणायचं. चुकलं तर बा म्हणायचा, "मागं जाऊन पुन्हा वाच." आमाला वाटायचं, वाचणं म्हंजी हेच.

मायनंच कौतुकानं मालकिणीला सांगितलं होतं, "आमच्या घरी बी वाचत्यात." तिला काय ठावं, कौतुकाचा तमाशा होतो म्हणून.

त्या दिवशी घरी येताना मी इचारलं, "बा, ते वाचणं न्हाई, हे तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मग काहून वाचत होतास आमच्यापुढं?"

बानं मानेवरची हळद पुसली. मग म्हणाला, "मालकाची लेकरं बापाजवळ कागद घेऊन बसत्यात. बसता बसता त्यांला येतं. म्हटलं, आपल्या लेकरांला बसायची सवय तर लागंल. एखाद्याला खरंच येईल."

त्या सांजेला कागद निघाला न्हाई. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. आमचं घर मुकं झालं.

पण मालकाला चटक लागली. पाव्हणा आला की, "बोलवा पंडिताला." बा जायचा. पोट तिथंच बांधलेलं, न जाऊन करतो काय? दरवेळी माझी मान खाली.

हळद पोत्यात भरून राहिलो होतो, तवा पुन्हा हाक आली. पुन्हा कागद खाली पडला. बा वाकला. त्याच्या आधी मी उचलला. घडी घातली आणि कमरंला खोचला.

"बा वाचणार न्हाई."

मालक हसले. "मग तू वाच."

"मला येत न्हाई. आमच्या घरात कुणालाच येत न्हाई. येईल तवा आमच्या घरी वाचू. तुमच्यापुढं न्हाई."

आता कुणी हसलं न्हाई. मालक एवढंच बोलले, "उद्यापसून कामावर येऊ नका."

वाटेत मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मग तीच बांधावर बसून रडली. "खायचं काय आता?" बा उभा. मला म्हणाला, "कागद हाय का कमरंला?"

"हाय."

"ठेव."

वसमतला मावशीचा नवरा सरकीच्या कारखान्यात हमाल होता. त्याला बाराखडी यायची. आमी तिकडं कामाला गेलो. सांजच्याला तो कोळशानं फरशीवर अक्षरं काढायचा. आमी लेकरं बसायचो आणि आमच्याच रांगेत बा बसायचा. मी जोडाक्षरं शिकले तवा बा अजून काना-मात्रेतच अडकलेला. पण उठला न्हाई.

निजामाचं राज गेलं त्या साली माझ्या घरी सांजच्याला सतरंजी पडत होती. मी, माझा नवरा, भाऊ, भावजय, पोरंसोरं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. केस पांढरे झालेला बा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होता. अडला. पुन्हा मागं गेला. पुन्हा अडला. आणि भावाचं पोरगं फिसकन हसलं.

माझ्या अंगातून हळदीचा तोच वास आला. ती लाज अजून तिथंच होती. हाय. जाणार न्हाई.

मी पोराच्या दंडाला धरलं आणि सतरंजीवरून उठवलं. तवा सगळ्यांला सांगितलं, तेच आज सांगते. या घरात रोज वाचायचं. अडंल त्यानं मागं जाऊन पुन्हा वाचायचं. जो हसंल त्यानं इथून उठायचं. लेकरू असो, पाव्हणा असो, न्हाईतर खुद्द मालक येऊन बसलेला असो.

मग मी बाच्याकडं वळले. "हं, बा. मागं जाऊन पुन्हा वाच."