जानेवारीत मे महिन्याचं जेट

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये बसून टाइप करतोय, हाताला ऑइलचा वास आहे, स्क्रीनवर अंगठ्याचे काळे ठसे उमटतायत, आणि वर जाऊन आंघोळ केली तर हे सगळं धुऊन जाईल असं वाटतंय. चुका सांभाळून घ्या.

तर माझ्या दादाकडे एक डर्ट बाईक आहे. टू-स्ट्रोक. हेडलाइट नाही, नंबरप्लेट नाही, रस्त्यावर चालवायची नाहीच, फक्त माती, खड्डे, उड्या. पुण्यात दादाने वर्षानुवर्षं हिच्यावर रेस मारल्या, आणि मी मागे पाना घेऊन पळायचो. टू-स्ट्रोकची गंमत अशी, की इंजिनाच्या वरच्या भागाला ऑइल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. म्हणजे जेवढं पेट्रोल आत जाईल तेवढंच ऑइल जाईल. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच रडायचंय.

मला इथे नोकरी लागली आणि त्याच सुमारास पुण्यातल्या घरी बाळ आलं. वहिनीने पार्किंगमध्ये पाळणागाडीला जागा मागितली. बाईक ट्रेनच्या पार्सलने माझ्याकडे आली. मे महिन्यात, भाजून निघत होतो तेव्हा, दादाने व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून कार्बोरेटर सेट करून घेतला. त्यात जेट नावाचा एक पितळी तुकडा असतो, नखाएवढा, मधे बारीक भोक. त्या भोकातून पेट्रोल जातं. मोठं भोक, जास्त पेट्रोल. दादाचा नियम एकच. "जेट एकदा बसलं की विषय संपला. परत हात लावलास तर बघ." आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये सगळे हेच म्हणायचे. आणि खरंच, तिकडे कधी गरजच पडली नाही यार!

मग दादाचा खांदा. इतक्या वेळा पडलाय की तो आता शर्ट घालतानाही निखळतो. जानेवारीत ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, त्यानंतर डर्ट बाईक बंद. कायमची. दोन दिवसांनी दादाचा फोन आला, "ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी येतोय. रेडी ठेव."

वहिनीने मला वेगळा फोन केला. "भावजी, दोनच राउंड. उड्या नाहीत. बाईक नाही परत आली तरी चालेल, खांदा जागेवर पाहिजे."

"बिल्कुल वहिनी, माझी जबाबदारी."

जबाबदारी म्हणे!

मी कामाला लागलो. एअर फिल्टर धुतला, चेन साफ केली, क्लचची केबल बदलली, ताजं पेट्रोल-ऑइल मिसळलं. गुरुवारी सुरू करून बघितली तर अशी वाजली, काय सांगू, एकदम कडक, सुरीसारखा आवाज. मी लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला, कारण दादा नुसत्या आवाजावरून सांगतो हिचं काय दुखतंय.

"चालू कर ना," दादा म्हणाला.

"चालूच आहे!"

"काय चालूए? मला तुझा घसा ऐकू येतोय फक्त."

बेसमेंट हादरत होतं आणि त्याला शांतता! मग लक्षात आलं, फोन बाजूचा गोंगाट कापतो आणि माणसाचा आवाज तेवढा ठेवतो. फोनच्या हिशोबात आमची बाईक म्हणजे गोंगाट. "रेकॉर्ड करून पाठव," दादा म्हणाला. मी रेकॉर्डिंग लावणार तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे अंकल मफलर गुंडाळून खाली आले.

"बेटा, ये फैक्ट्री है क्या? पूरी लॉबी में धुआँ है!"

"सॉरी अंकल, बस दो मिनट..."

"दो मिनट नहीं. अभी बंद."

बंद केली. रेकॉर्डिंग राहिलं, आणि अंकलच्या भीतीने रविवारपर्यंत राहिलंच.

रविवारी छोट्या टेम्पोत बाईक बांधली आणि यमुनेकाठच्या त्या मोकळ्या मैदानावर गेलो, जिथे आमच्यासारखे वेडे जमतात. धुकं इतकं की टेम्पोवाला खिडकीतून मुंडी बाहेर काढून चालवत होता. दादाने माझं थर्मल, माझं स्वेटर आणि त्यावर त्याचं जुनं रेस जॅकेट घातलं होतं. "कसे राहता रे तुम्ही इथे?" दात वाजत होते त्याचे.

तिथे गुडगावची एक मुलगी असते, तिचीही टू-स्ट्रोक. ती बाईकभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "भैया, सर्दी का जेट डाला ना?"

दादा हसला. "हमारे यहाँ जेट को हाथ नहीं लगाते."

"आपके यहाँ ठंड पड़ती है?"

"पुणे में? पड़ती है ना, पंखा बंद करते हैं."

ती हसली, "आपकी मर्ज़ी" म्हणाली आणि हेल्मेट घालून गेली. मी ऐकलं. मला वाटलं विचारावं, सर्दीचं जेट म्हणजे काय. पण दादा बाईकवर बसला होता आणि त्याचा चेहरा असा होता की त्याला कोण थांबवणार?

दादा निघाला. आणि काय पळाली ती! इतकी हलकी, इतकी चपळ मी तिला कधीच बघितली नव्हती. पहिल्या वळणाला त्याने तोल धरायला आतला पाय बाहेर काढला, अगदी जुन्यासारखा. मी ओरडत होतो, उड्या मारत होतो. वहिनीसाठी व्हिडिओ काढत होतो.

पहिला राउंडही पूर्ण झाला नाही. लांबच्या सरळ पट्ट्यावर एक किंचाळी आली, बाईकची, आणि मागचं चाक जागेवर लॉक. दादाचं बोट कायम क्लचवर असतं, त्याने दाबला म्हणून पडला नाही. घसरत घसरत थांबला. मग सगळं शांत. खरंच शांत.

पळत गेलो. किक खाली जाईना, इंजिन आतून जाम. तिथेच ताडपत्री टाकून इंजिन वरून उघडलं. पिस्टन निघता निघेना, निघाला तेव्हा त्याच्या एका बाजूला मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे.

त्या मुलीनेच सांगितलं, अगदी हळू. इथे मे आणि जानेवारी म्हणजे दोन वेगळे देश आहेत. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. मे महिन्याच्या भोकातून तेवढं येत नाही. पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी. आणि मरायच्या आधी इंजिन सगळ्यात भारी पळतं. तो सुरीसारखा आवाज तोच होता. दादाने गुरुवारी ऐकला असता तर तिथेच ओळखला असता. रविवारी हेल्मेटच्या आत, त्या खुशीत, त्यालाही तो कळला नाही.

दिल्लीत करोल बागेतल्या तीन-चार पार्टवाल्यांना फोन लावले. बाईक कुठली ते सांगितल्यावर एकजण नुसता हसला. पार्ट बाहेरून येणार, काही आठवडे. ऑपरेशन बुधवारी. मुलीने स्वतःची बाईक पुढे केली, "भैया, एक राउंड मार लो." दादाने तिच्या बाईकच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "थँक यू. पर मैं इसका मेहमान हूँ." आणि आमच्या उघड्या इंजिनाशेजारी जाऊन बसला.

मला रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यासाठी पराठे घेऊन आला!

एअरपोर्टवर सिक्युरिटीने त्याच्या बॅगेतून पिस्टन काढला. "ये क्या है?" "पिस्टन." "किस काम का?" "अब किसी काम का नहीं." त्याने विमानात बसून मला हे मेसेजवर सांगितलं, पुढे हसायचे तीन इमोजी. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

शेवटी पार्ट आला, आज नवा पिस्टन बसवला. थंडीचं जेटही, त्या मुलीने दिलेलं. पहिल्या दोन किकमध्ये सुरू झाली, आवाज जाड, गोल, बरोबर. मी दादाला कॉल लावला. तो पट्ट्यात हात अडकवून गादीवर टेकून बसलेला.

"धूर बरोबर दिसतोय," तो म्हणाला. "आवाज?"

"येत नाहीये ना तुला?"

"नाही रे."

"रेकॉर्डिंग पाठवतो."

"नको. रेकॉर्डिंग गेलेल्या माणसांची ऐकतात. आत्ताचा दे."

आता काय करणार? बाईक समोर धडधडतेय आणि पलीकडे काही म्हणजे काही पोचत नाहीये. फोन फक्त माणसाचा आवाज सोडतो. मग मी तोंडानेच काढला. लहानपणी काढायचो तसा, ओठ फाकवून, रिंग-डिंग-डिंग-डिंग, गियर टाकत, वळणावर खाली आणत, लाळ उडवत. सोसायटीचा गार्ड बघत होता. बघू दे.

दादाने डोळे मिटून ऐकलं. "थोडी जड आहे," म्हणाला. "पण चालेल." मग जरा थांबून, "अजून एक राउंड मार."

मारला. मग अजून एक. वहिनीने मागून "औषधाची वेळ झाली" म्हटलं तेव्हा कॉल कट झाला, आणि बाईक अजून चालूच होती.

तुमचं झालंय का असं कधी? एखाद्यासाठी एकच गोष्ट तयार ठेवायची होती, ती झाली, पण त्याची वेळ निघून गेल्यावर? मग तुम्ही काय केलंत? सांगा ना, मी इथेच बसलोय.