बटणांचा पेन ड्राइव्ह आणि एक जास्तीचा प्रश्न

ती घटना आजही लख्ख आठवते, असं लिहायची आम्हा निवृत्त पोलिसांना सवय असते. मला ही घटना लख्ख आठवत नाही. ते दोन दिवस मी गोंधळलेला होतो आणि आठवणही तशीच राहिली आहे. तरी सांगतो. नावं कुणाचीच लिहीत नाही.

लालबागच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी गुन्ह्यांचा तपास पाहणारा निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सोमवारी सकाळची हजेरी आटोपून चहाचा ग्लास उचलला, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका बाईंना आत घेऊन आला. चाळिशीच्या आसपासच्या, नीटनेटक्या, डोळे रडून सुजलेले.

"साहेब, यांचा पेन ड्राइव्ह गेलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजातच होतं की ही चार ओळींची गहाळ नोंद आहे, साहेबांपर्यंत यायचं कारण नाही.

कारण मात्र होतं. बाई दादरच्या एका संस्थेत काम करत. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना ही संस्था सुरक्षित ठिकाणी ठेवते, काम मिळवून देते. अशा नऊ बायकांचे सध्याचे पत्ते त्या पेन ड्राइव्हमध्ये होते. पत्ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे नाहीत, इंटरनेटवर तर नाहीच, असा संस्थेचा नियम. दर शनिवारी नव्या नोंदी करून ड्राइव्ह संस्थेच्या प्रमुख ताईंच्या घरी थेट पोचवायचा, वाटेत कुठे थांबायचं नाही. शनिवारी संध्याकाळी लालबागच्या मसाला गल्लीतल्या गर्दीत तो पर्समधून गेला, असं बाईंचं म्हणणं.

मी ताईंना फोन लावला. त्या शांत होत्या. "त्याच्यावर आकड्यांची बटणं आहेत. आठ आकडे बरोबर दाबल्याशिवाय तो उघडत नाही. आतली माहितीही सांकेतिक केलेली आहे, फोडून काढली तरी वाचता येणार नाही. दहा वेळा आकडा चुकला की सगळं आपोआप पुसलं जातं. त्यामुळे मी बायकांना हलवत नाहीये. मुलांच्या परीक्षा चालू आहेत, साहेब. उगाच कशाला घाबरवायचं?"

मी फोन ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. त्या थरथरत होत्या. मालकीणबाई निश्चिंत आणि कारकून बाई अर्धमेली, हे मला कळेना.

"कुलूप एवढं मजबूत आहे तर तुम्ही घाबरता कशाला?"

"तुम्ही शोधा ना, साहेब. प्लीज. लवकर शोधा."

एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. पर्स पाहिली. चेन शाबूत, कुठे ब्लेड मारलेलं नाही. आत पाकीट, मोबाइल, सोन्याची कुडी, सगळं जागच्या जागी. सोन्याची कुडी सोडून बटणांची डबी नेणारा पाकीटमार मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणजे ज्याने नेला त्याला त्यातलं काय ते ठाऊक होतं. माझा संशय नवऱ्यांपैकी कुणावर तरी गेला, आणि एकदा पोलिसाचा संशय ठरला की खबरही त्याच दिशेने येते.

दुपारी आली. दादरला संस्थेच्या समोर चहा विकणारा आमचा जुना खबरी. "साहेब, चार दिवस एक माणूस समोर उभा असतो. चौकड्याचा शर्ट. चहा घेतो, पैसे देतो, कोणाशी बोलत नाही. नुसता दरवाजाकडे बघतो."

खबऱ्याने मोबाइलवर काढलेला फोटो मी बाईंना दाखवला. त्यांनी लगेच ओळखला. नऊ जणींपैकी एकीचा नवरा. ती कुठे आहे, विचारलं. पत्ता कुणालाच सांगायचा नाही, असं त्या आधी म्हणाल्या. मग मी पोलीस आहे म्हणून, मी शोधणारा आहे म्हणून, त्यांनी सांगितलं. परळला. एका मुलाला घेऊन राहते, शिवणकाम करते.

संध्याकाळी त्या माणसाला ठाण्यात आणला. मला वाटलं होतं दारुडा असेल, आवाज चढवेल. तो निघाला अगदी मवाळ. हात जोडून बसला. झडतीत काही नाही, खोलीवर माणसं पाठवली, तिथेही काही नाही.

"संस्थेसमोर का उभा असतोस?"

"साहेब, बायको गेली तर नवऱ्याने शोधायचं पण नाही का? ती गावाला तिच्या भावाकडे लपलीय. मी दोनदा जाऊन आलो. भाऊ दारात उभा करत नाही. म्हटलं, या मॅडम लोकांना दया आली तर सांगतील."

"पेन ड्राइव्ह कुठाय?"

"कसला, साहेब?"

"नाटकं नकोत. पत्त्यांचा. परळला किती वेळा जाऊन आलास ते सांग."

तो खाली बघत होता, त्याने मान वर केली. "परळला?" त्याने पुन्हा हात जोडले. "नाही साहेब. परळला मी कधीच गेलो नाही."

मी ते नकार म्हणून लिहून घेतलं. दोन तास बसवून ठेवला, मग सोडला. जाताना तो माझ्या पाया पडला. मला तेव्हाही त्याचं काही खटकलं नाही. डोक्यात एकच भुंगा, की हा नाही तर कोण?

मंगळवारी सकाळी मी आमच्या महिला हवालदारांना बोलावलं. सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई, कमी बोलणारी. त्यांनी तक्रारदार बाईंचा जबाब दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "साहेब, ही चोरीला नाही घाबरत. ही स्वतःला घाबरतेय. जरा मला बसू द्या तिच्याजवळ."

अर्ध्या तासात बांध फुटला. मसाला गल्ली खोटी होती. शनिवारी पर्समध्ये पाण्याची बाटली सांडली आणि ड्राइव्ह भिजला. ओला ड्राइव्ह ताईंच्या हातात कसा द्यायचा, म्हणून बाईंनी अंगदुखीचं कारण सांगून तो घरी नेला. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवला की सुकतो, हे आता सगळ्यांनाच माहीत असतं. त्यांनी ड्राइव्ह तांदळाच्या डब्यात खुपसला. रविवारी संध्याकाळी डबा उपसला तर आत नुसते तांदूळ. सासूला विचारलं, तिने काही पाहिलं नव्हतं.

"हे लपवलंत कशाला?" मी ओरडलोच.

बाई मान वर करेनात. हवालदार बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग हळूच आलं ते खरं कारण. ताई दर महिन्याला आकडा बदलत. बाईंच्या तो लक्षात राहत नसे. एकदा सात वेळा चुकला होता, आणखी तीनदा चुकला असता तर सगळं पुसलं गेलं असतं. त्या धसक्याने तेव्हापासून त्या ड्राइव्हच्या पाठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा लिहून ठेवत होत्या.

म्हणजे किल्ली कुलपालाच बांधलेली. ज्याच्या हाती पडेल त्याला नऊ दारं उघडी. आणि ताई तिकडे निश्चिंत. मला बाईंचा इतका राग आला की मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो.

परत आलो तेव्हा हवालदार बाई विचारत होत्या, "रविवारी घरी कोण आलं होतं?"

"नवऱ्याची भाची आणि जावई. नवीन लग्न झालंय. जेवायला बोलावलं होतं."

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, चला यांच्या घरी."

चाळीतल्या त्या खोलीत सासूबाई गादीवर बसून शेंगा सोलत होत्या. पोलीस दारात पाहून चाळ गोळा झाली, म्हातारी मात्र ढिम्म. हवालदार बाईंनी खाली बसून विचारलं, "आजी, रविवारी पोरीची ओटी भरलीत?"

"भरूक नको? लगीन झाल्यावर पहिल्यांदाच इली घराक. तशीच धाडू?"

"तांदूळ कुठले घेतले?"

"ह्याच डब्यातले. आनि खंयचे घेतलय?"

"आत काही लागलं हाताला?"

"माका काय दिसता, बाये? डोळ्यात मोतीबिंदू. नारळ घातलंय, सुपारी घातलंय, हळकुंड घातलंय, खारीक घातलंय. एक काय ता कडक लागला, माका वाटला बदाम असतलो."

तीस वर्षांच्या नोकरीत मी लोकांच्या कपाटात, माळ्यावर, पाण्याच्या टाकीत हात घातला. सवाष्णीच्या पदरात काय काय जातं, हे माझ्या कधी मनात आलं नसतं.

जीप भाचीच्या घरी, फणसवाडीत पोचली. नव्या नवरीने दार उघडलं, घाबरली. ओटीचे तांदूळ तिने पुरचुंडीत बांधून देवापुढे ठेवले होते. शुक्रवारी शिजवणार होती. पंचांसमोर पुरचुंडी सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि त्यात ती बटणांची डबी, पाठीला चिकटपट्टी. कुणी हात लावलेला नव्हता. नवरी हसायला लागली, मग हवालदार बाई, मग मीही. तक्रारदार बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या.

ड्राइव्ह ताब्यात घ्यायला ताई संध्याकाळी ठाण्यात आल्या. चिकटपट्टी पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण बाईंना त्या काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तपासात कुणाकुणाला विचारलंत, साहेब?"

मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. चौकड्याचा शर्ट, झडती, दोन तास.

"नेमकं काय विचारलंत त्याला?"

मी शब्दन् शब्द सांगितला. परळवर आलो आणि माझं मलाच ऐकू आलं.

ताईंनी ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. "तो तिला गावाला शोधत होता," एवढंच म्हणाल्या. मग मोबाइल घेऊन बाहेर गेल्या.

त्याच संध्याकाळी ती शिवणकाम करणारी बाई एक पिशवी आणि मुलगा घेऊन निघाली. मुलाचा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता, तो बुडाला. हवालदार बाई साध्या साडीत सोबत गेल्या. दोन दिवसांनी आमच्या खबऱ्याने कळवलं, चौकड्याचा शर्ट आता दादरला दिसत नाही. परळला शिवणकामाच्या दुकानांतून बायकोचा फोटो दाखवत फिरतो आहे. आम्ही त्याला पुन्हा आणला, समज दिली, प्रतिबंधक कारवाईही केली. पण तिचं सुटलेलं घर काही परत आलं नाही.

ज्या बाईंवर मी ओरडलो, त्यांच्या चुकीचा जबाब झाला, खाली सही झाली. त्यांच्या चुकीने कुणाचं काही गेलं नव्हतं. एकीचं घर गेलं ते माझ्या प्रश्नाने. आकडा पट्टीवर लिहिणाऱ्या बाईला निदान आपण काय केलं ते ठाऊक होतं, म्हणून ती थरथरत होती. मी चहा पीत होतो. स्टेशन डायरीत मी 'मुद्देमाल हस्तगत' असं लिहिलं. माझ्या त्या प्रश्नाची नोंद कुठल्याच कागदावर नाही, म्हणून ती इथे करतो आहे. याची मला लाज वाटते आणि ती वाटावी हेच बरं.

आणि वर जिथे जिथे परळ लिहिलं आहे, ते परळ नव्हतं. एवढं मात्र शिकलो.