कोकणाची रंगीत तालीम, अकोल्यापर्यंत

मी भूगोलाचा मास्तर आहे, आणि भर मे महिन्यात अमरावतीहून मोटारसायकलवर कोकणात जायची कल्पना माझीच होती.

नकाशा महिनाभर भिंतीवर होता. घाट हिरव्या शाईनं, समुद्र निळ्या शाईनं, चहाच्या टपऱ्या लाल शाईनं! (तापमानासाठी शाई उरली नव्हती.)

"अवो, उन्हात मराले जाऊन राहिले का? दिवाळीत जाऊ," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"तुले निसर्गातलं काय समजते?" मी म्हणालो.

शेवटी ठरलं, आधी अकोल्यापर्यंत तालीम करायची. तिथं माझी धाकटी बहीण शोभा राहते. तिला फोन केला, तर तिनं "आमचा दादा मोहिमेवर निघाला" म्हणून साऱ्या गल्लीत सांगून टाकलं!

निघायचं होतं पहाटे पाचला. नवं जॅकेट घालून फोटो काढता काढता दहा वाजले. जॅकेट काळं, गादीसारखं जाड. सुनंदानं डोक्याला बांधायला दुपट्टा पुढे केला.

"रायडर लोक दुपट्टा बांधत नसतात!" मी म्हणालो, तिला मागं बसवलं आणि किक मारली.

बडनेरा मागं पडलं तेव्हा मला घामाच्या धारा लागल्या होत्या. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा घाम थांबला, आणि समोर एकाच नंबरचे दोन ट्रक दिसू लागले! कशीबशी निंबाखाली गाडी उभी केली आणि धप्पकन बसलो.

"जॅकेट काढा आधी!" सुनंदा म्हणाली.

चेन अडकली होती. सुनंदा ओढून राहिली, मी 'दोन ट्रक, दोन ट्रक' ओरडून राहिलो. शेवटी तिनं माझी कॉलर ताणली आणि पाण्याची अख्खी बाटली आत रिकामी केली. शेजारच्या टपरीवाल्यानं पन्हं आणलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. मी थोडा माणसात आलो, तर सुनंदाचा चेहरा पांढरा पडलेला.

"आता ट्रक किती दिसून राहिले?" तिनं हळूच विचारलं.

"एकच."

तिनं डोळे पुसले आणि किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

"तू? मोटारसायकल?"

"माहेरी मोर्शीले बाबाची गाडी मीच न्यायची संत्र्याच्या बगीच्यात."

"बावीस वर्षांत सांगितलं कावून नाही?"

"तुमी इचारलं कवा?"

तिनं तोच दुपट्टा माझ्या कमरेभोवती घेऊन स्वतःच्या कमरेला गाठ मारली, माझं हेल्मेट चढवलं आणि गाडी अशी काही सोडली, की माझ्या पोटातलं पन्हं मूर्तिजापूरलाच राहिलं असं वाटलं!

अकोल्यात शोभा आरतीचं ताट घेऊन दारात उभी. मागं सगळी गल्ली. शोभाच्या सासूबाईंनी चष्मा न लावताच हेल्मेटसकट चालकाला ओवाळलं.

"या मास्तर, बारीक झाले बापा तुमी!"

हेल्मेट निघालं, आत सुनंदा! मग एक बाई ओरडली, "बाप्पा! वहिनीनं आणलं!" टाळ्याच टाळ्या! आणि मागं बांधलेलं ते ओलं गाठोडं कोण, याची चौकशी सुरू झाली.

शोभाच्या नवऱ्यानं कात्रीनं जॅकेट कापून मला बाहेर काढलं. त्या संध्याकाळी सुनंदा पायथ्याशी बसून माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आम्ही कोकणात जाऊन आलो. घाट, समुद्र, टपऱ्या, सगळं पाहिलं. शाळेत माझा भाव वधारला. परवा नवे गणिताचे सर आदरानं विचारत होते, "सर, त्या उतारावरच्या वळणांवर तुम्ही नेमकं काय करता?"

मी खरं तेच सांगितलं, "डोळे गच्च मिटतो आणि बायकोला गच्च धरतो!"