वैजूताईंनी ठेवलेलं गाणं

वैजूताई कुणाच्याही घरी रेकॉर्डिंगला गेल्या की आधी तिथला पंखा बंद करायच्या, मग फ्रिजचा प्लग काढायच्या. चहापाणी नंतर. घामाघूम झालेल्या घरच्यांना म्हणायच्या, "पाच मिनिटं सोसा. गाणं राहील."

मोरिवलीच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत. संध्याकाळी सुटलो की त्या रेकॉर्डर पाठीवर टाकून निघायच्या आणि मला पेटी येते म्हणून मलाही ओढायच्या. सहा वर्षं त्यांचा एकच अल्बम चालला होता. त्यांची गिटार, माझी पेटी, बारवी धरणाकडच्या हिराबाईंची भातलावणीची गाणी, उल्हासनगरच्या एका सिंधी अंकलचे सूफी कलाम. "याला म्हणायचं तरी काय?" मी एकदा विचारलं. "आपल्याकडचं गाणं," त्या म्हणाल्या. "दुसरं नाव शोधायचा कंटाळा आलाय."

हिराबाईंना खुर्चीवर बसवलं तर शब्द फुटेना. "बसून नाय येत, बाय. वाकावं लागतं." वैजूताईंनी माइक फरशीवर ठेवला. हिराबाई वाकल्या आणि गायल्या.

शेवटच्या वर्षी माझ्या पेटीचा वरचा एक सूर उतरला. मी तशीच वाजवत राहिले, त्यांनी हटकलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वरचे सूर ऐकू येत नाहीत, सुमे. डॉक्टर म्हणतात, उरलेलंही जाईल. आता तू ऐकायचंस."

अंकल तेव्हा नुकतेच आजारातून उठले होते. तासभर गायले, वरच्या सुरावर दर वेळी आवाज फाटायचा. "बेटा, आज गला साथ नहीं दे रहा," ते म्हणाले. वैजूताईंनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर उभं राहून माझी कंबर गेली होती, घरी स्वयंपाक व्हायचा होता. मी म्हटलं, "छान झालं. हेच ठेवा."

अल्बम आला. थोड्यांनी ऐकला. महिन्याभरात अंकल गेले आणि तो फाटका सूर मला खात राहिला.

वैजूताई मुलीकडे नाशिकला कायमच्या निघाल्या, त्या दिवशी कुळगावच्या त्यांच्या रिकाम्या घरात मी सगळं कबूल केलं. मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तुझा चेहराही दिसत होता. ते दमलेले, तू दमलेली, मीही. पुन्हा गा म्हणायचं बळ कुणात होतं?"

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता. मीही जरा वेळ सांगितलं नाही.